भाऊरावांची घोडशीर

१९६१ सालच्या दिवाळीनंतर आठवड्याभराने आमच्या गावचे टपालाचे रनर भाऊराव इंगळे यांच्या उजव्या टाचेमागची जाड शीर ओढली गेली. आमच्याकडे तिला घोडशीर म्हणतात. खडकपूर्णेच्या पात्रात उतरताना पोटरीवर मागून कुणीतरी दगड हाणल्यासारखे त्यांना वाटले, म्हणून त्यांनी वळून पाहिले. मागे कोणी नव्हते. शीर अशीच तुटते आणि तुटताना असेच वाटते, हे मी नंतर वाचले. पण इंगळ्यांच्या चार पिढ्यांचा अनुभव लक्षात घेता, मागून दगड आला असावा हा त्यांचा पहिला तर्क अशास्त्रीय म्हणता येणार नाही.

शीर पुरती तुटली नव्हती. काही तंतू गेले होते, बाकीचे तग धरून होते. भाऊरावांनी उरलेले तीन मैल लंगडत तोडून दुसरबीडच्या टपालघरात थैली पोचती केली, पावती घेतली आणि मग बाहेरच्या लिंबाखाली बसून पायाकडे पाहिले. तोवर टाच वांग्यासारखी सुजून जांभळी झाली होती.

आमचे गाव दुसरबीडपासून सात मैल. पक्का रस्ता नाही, मध्ये नदी. रोज सकाळी थैली घेऊन सात मैल जायचे, आलेली थैली घेऊन सात मैल परतायचे, ही भाऊरावांची नोकरी. याच वाटेने त्यांचे वडीलही आयुष्यभर चालले. दौऱ्यावरच्या अंमलदारांची बोचकी डोक्यावर घेऊन आणि फुकट, कारण ते काम जन्माने त्यांच्या वाट्याला आले होते. मुलाच्या अंगावर खाकी कोट होता, छातीवर पितळी बिल्ला होता आणि महिन्याच्या महिन्याला पगार होता. वाट तीच, पाय त्याच घराण्याचे. मधल्या काळात फक्त माणूस ओझ्याखालून निघून ओझ्याचा अधिकारी झाला होता. हा फरक गावात पुष्कळांना कळत होता आणि ज्यांना तो सर्वांत स्पष्ट कळत होता ते शेषराव होते.

शेषराव म्हणजे गावातले मोठे जमीनदार. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्या घरची बाज, गादीसकट, बैलगाडीत घालून भाऊरावांच्या दारात आली. ज्या घराच्या ओट्याला भाऊरावांच्या वडिलांची सावली चालत नसे, त्या घरची गादी पाच वर्षांपूर्वी बौद्ध झालेल्या माणसाच्या पाठीखाली आली हे पाहून मी हळवा झालो होतो, हे कबूल करतो. शिकलेल्या माणसाला हळवे व्हायला फार थोडे लागते.

"भाऊराव, शीर म्हंजे काई चेष्टा हाये का?" शेषराव दारात उभे राहून म्हणाले. आत ते आले नाहीत. माया होती, पण तिला उंबरठा होता. "हालली का तुटली समज. सहा मयने उठाचं नाव घेऊ नको. टपालाची तर फिकीरच करू नको. माह्या बहिणीचं पोरगं घरी रिकामंच हाये. ते नेईल तुही थैली."

"उपकार झाले," भाऊराव म्हणाले.

त्यांची बायको अन्नपूर्णा चुलीपाशी होती. तिने फुंकणी जरा जोरात आपटली.

सिंदखेडराजाकडून आलेल्या एका डॉक्टरांनीही विश्रांतीच सांगितली. राहिलो मी. मी गावच्या शाळेचा हेडमास्तर. माझ्याकडे तीन ट्रंका भरून पुस्तके होती आणि ती असल्याचा मला जो अभिमान होता, तो त्यांच्या वजनाच्या प्रमाणात होता. मी शरीरशास्त्राचा एक इंग्रजी ग्रंथ काढला, शल्यकर्माचे दोन खंड काढले आणि एका जुन्या वैद्यकग्रंथावरची एक संस्कृत टीकाही काढली. इंग्रजी ग्रंथाचे म्हणणे, संपूर्ण विश्रांती. शल्यकर्माचे म्हणणे, संपूर्ण विश्रांती आणि पट्टा. संस्कृत टीकाकाराने कंडरा कशाला म्हणावे आणि स्नायू कशाला, या प्रश्नावर चाळीस पृष्ठे प्रतिपक्ष झोडपला होता, आणि त्या चाळीस पृष्ठांत रोग्याला एकदाही कुणी उठवून उभे केले नव्हते. मी भाऊरावांच्या बाजेशेजारी बसून सगळ्यांचा सारांश त्यांना गंभीर आवाजात वाचून दाखवला. ग्रंथ, डॉक्टर आणि जमीनदार यांचे एकमत झाले होते. असे एकमत झाले की गरीब माणसाने ताबडतोब पळ काढावा, हे ज्ञान मला तेव्हा नव्हते. आणि भाऊरावांना पळता येत नव्हते.

तीन आठवडे ते पडून राहिले. तिळाचे तेल चोळले, गरम विटेने शेकले, पाय उशीवर ठेवला. सूज उतरली. मग एके सकाळी ते उभे राहिले आणि चार पावलांत भिंत धरून बसले. दुखणे होते तसेच होते, आणि पायातला जोर मात्र गेला होता.

त्याच दुपारी अन्नपूर्णा शाळेत आली. हातात सुतळीचे दोन तुकडे होते. तिने ते माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"हा डाव्या पोटरीचा घेर, गुरुजी. अन हा उजव्या पोटरीचा."

दुसरा तुकडा पहिल्यापेक्षा दोन बोटे आखूड होता.

"तुमच्या पुस्तकानं माह्या नवऱ्याची पोटरी खाल्ली," ती म्हणाली. "अजून तीन मयने ठेवला बाजीवर, तर पाय हाये का काठी हाये ते तुम्हीच येऊन सांगान मले."

तिने पदरातून एक खाकी लिफाफा काढला. तो टपालखात्याचा हुकूम होता. रनर तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ कामावर नसल्यास तो सक्षम आहे की नाही हे पाहण्यात येईल. फेब्रुवारीच्या अखेरीस ओव्हरसिअर गावी येतील. रनरने त्यांच्यासमक्ष थैली घेऊन अडीच तासांच्या आत दुसरबीड गाठावे. न गाठल्यास बदली माणसास कायम करण्यात येईल. हुकूम न्याय्य होता. त्यात कुणाचेही नाव नव्हते, म्हणून तो अधिकच थंड होता. बदली माणूस म्हणजे शेषरावांचा भाचा, जो थैली घेऊन सात मैल चालत नसे, तर मामाच्या छकड्यात बसून जाई, तेही छकडा मोकळा असेल त्या दिवशी.

मला त्या क्षणी शेषरावांची गादी आठवली आणि माझा हळवेपणा मी मनातल्या मनात काळजीपूर्वक घडी करून ठेवून दिला. सहा महिने पडून राहा, हे त्यांनी मायेने सांगितले होते. आणि माणसाला बेकार करायची इतकी स्वस्त, इतकी सुसंस्कृत, कुणालाही पुण्यवान वाटेल अशी रीत मी माझ्या सगळ्या वाचनात पाहिली नव्हती. मी मात्र तिला तळटिपा पुरवल्या होत्या.

"आता काय करायचं?" मी विचारले.

"उकंडरावदादाले बलावलं हाये," ती म्हणाली. "मी त्यायच्या वावरात कापूस येचते. काल पोटरीचं सांगितलं, तं दादा हसत सुटले."

उकंडराव हे मध्यम शेतकरी, पण शंकरपटात त्यांचे नाव होते. बैलजोड्यांची ही शर्यत आमच्या भागात ज्या गांभीर्याने घेतात त्या गांभीर्याने विद्यापीठांत प्रबंधही तपासत नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हरण्या नावाच्या बैलाची मागच्या पायाची शीर अशीच गेली होती, आणि पुढच्याच्या पुढच्या वर्षी तो बैल पुन्हा पटात पळाला होता. हे सारे गावाला ठाऊक होते. तरी त्या गावात कुणालाही, मलासुद्धा, भाऊरावांच्या बाबतीत हरण्या आठवला नव्हता. बैलाच्या शिरेबद्दल आमच्या गावाला जे शहाणपण होते, ते माणसाला लावण्याचा अपमान कुणी कुणाचा केला नव्हता. आमच्यात बैल आजारी पडला तर त्याला बरे करतात. माणूस आजारी पडला तर त्याचा मान राखतात.

उकंडराव आले. वाकून आत शिरले आणि बाजेकडे पाहूनच ओरडले, "काऊन बे भाऊराव, हे काय करून ठेवलं? तू जर माह्या गोठ्यातला असता, तं मी लाजेनं गाव सोडलं असतं!"

"गुरुजीनं पुस्तक वाचलं," भाऊराव म्हणाले. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, आणि मला तेच जास्त लागले.

उकंडराव जमिनीवर उकिडवे बसले, भाऊरावांची टाच त्यांनी मांडीवर घेतली आणि अंगठ्याने शीर वरपासून खालपर्यंत चाचपली. याच उकंडरावांच्या विहिरीवर भाऊरावांच्या घरच्या घागरीत पाणी अजून वरून ओतत असत. पण शिरेवरून फिरणाऱ्या त्या अंगठ्याला बैल आणि माणूस यांच्यातला फरकही कळत नव्हता, मग माणसामाणसातला कुठून कळणार? हे अज्ञान गावात पसरावे असे मला फार वाटले.

"गाठ हाये इथं," ते म्हणाले. "पण शीर सलग हाये. आता आयक. पयले दोन-तीन दिवस बैल उभा ठेवाचा, ते ठीक. पण बसवाचा नाई. शिरेले ओढ पायजे. ओढ नसली का ते सुस्तावते, अन सुस्तावली का मंग कायमची सुस्तावते. हरण्याले मी पयले कडक वाटेनं चालवला, रिकामा. मंग नांगरल्या वावरातून. मंग वाळूतून. मंग रिकामा छकडा. मंग छकड्यात एक पोतं. एकदम काईच नाई. अन उतारावरून हळू, एकदम हळू. चढताना मांस कमावते, उतरताना शीर कमावते."

"याला आधार काय?" मी विचारले. सवय जात नाही.

"आधार?" उकंडरावांनी माझ्याकडे दयेने पाहिले. "आधार गोठ्यात उभा राहून कडबा खाऊन राह्यला ना, गुरुजी. चाला, दाखवतो."

"अन दुखलं तर?" अन्नपूर्णेने विचारले.

"दुखंलच. थोडं दुखू द्याचं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर पाहाचं. दुखणं कालच्याइतकंच असंल, तं वजन वाढवाचं. जास्त असंल, तं तितकंच ठेवाचं, वाढवाचं नाई. पण बाज?" त्यांनी शेषरावांच्या बाजेवर थाप मारली. "हे बाज आजच वापस पाठव."

बाज परत गेली. गाडीत तीच गादी, तीच उशी, वर भाऊरावांचा निरोप: मालकांच्या मायेने बरे वाटू लागले आहे.

उताराचा प्रश्न मी सोडवला. एवढे श्रेय मला द्यावे. रोज नदीच्या उतारापर्यंत लंगडत जाणे शक्य नव्हते, पण शाळेच्या ओट्याला तीन दगडी पायऱ्या होत्या. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून उभे राहायचे, दोन्ही टाचा वर उचलायच्या, मग डावा पाय सोडून सगळा भार उजव्यावर घ्यायचा आणि टाच पायरीच्या खाली, जेवढी सावकाश उतरेल तेवढी सावकाश उतरवायची. सावकाश म्हणजे किती, हे भाऊरावांना कळेना. आत पहिलीचा वर्ग पाढे म्हणत होता. तेवढ्यात त्यांनी ठरवून टाकले: "बे एके बे" ते "बे त्रिक सहा" एवढ्यात टाच खाली यायला हवी. सकाळी पंधरा वेळा, संध्याकाळी पंधरा वेळा. पोरे बाहेर पाहू लागली. आठवड्याभरात वर्गाचे पाढे भाऊरावांच्या टाचेच्या लयीत येऊ लागले, आणि माझ्या नोकरीतल्या बारा वर्षांत पहिल्यांदाच पहिलीची पोरे पाढा घाईने गिळायची थांबली.

गावात चर्चा होणे भागच होते. म्हाताऱ्या तानुबाईने तिसऱ्या दिवशी त्या पायरीला हळदकुंकू लावले.

"काऊन लावलं वो, मावशी?" अन्नपूर्णेने विचारले.

"नवस बोललेला दिसते तुह्या मालकाचा. रोज पायरीवर उठबस करते ना तो."

"आमच्यात नवस नाई आता."

"मंग काय हाये?"

"पाढे हायेत," अन्नपूर्णा म्हणाली आणि पदराने पायरी पुसली.

शेषराव एकदा शाळेवरून जात असताना थांबले. भाऊराव पायरीवर होते, घामाघूम. शेषरावांच्या मुद्रेवर खरीखुरी काळजी उमटली, कारण काळजी नेमकी कशाची हे त्यांनाही आता वेगळे सांगता आले नसते.

"जिवावर बेतंल हे, भाऊराव. माह्यं आयक."

"आयकतो ना, मालक," भाऊराव म्हणाले. "बे दुणे चार." आणि टाच सावकाश खाली गेली.

तिसऱ्या आठवड्यापासून पाठीवर वजन आले. आधी पायलीभर ज्वारी. पण ज्वारीची पिशवी हलते, खांद्यावरून घसरते, टपालाची थैली तशी नसते. टपाल म्हणजे कागद. म्हणून एके दिवशी मी ट्रंक उघडली आणि शल्यकर्माचा पहिला खंड भाऊरावांच्या पाठीवरच्या पोत्यात घातला. पुढच्या आठवड्यात दुसरा. सकाळचे दुखणे वाढले नाही, तेव्हा शरीरशास्त्र. शिरेच्या दुखण्यावर या ग्रंथांचा हा पहिलाच खरा उपयोग होता. त्यांच्या लेखकांना सांगण्याची सोय असती तर मी आनंदाने पत्र लिहिले असते. आणि भाऊरावांनीच ते नेले असते.

पाचव्या आठवड्यात सगळे बिघडले. भाऊरावांची पोटरी भरून आली होती. अन्नपूर्णेच्या सुतळीत आता करंगळीच्या रुंदीचासुद्धा फरक नव्हता. चालताना दुखत नव्हते. संक्रांतीच्या आधी तीन दिवस ते कुणाला न सांगता पोते घेऊन नदीपर्यंत चालत गेले आणि येताना, थंडीच्या सकाळी अंगात आलेल्या जोराला न आवरता, धावत आले. दुसऱ्या दिवशी टाच टेकवेना.

बातमी ऐकताच मी कॅलेंडरात आठवडे मोजले. फेब्रुवारीची अखेर साडेसहा आठवड्यांवर होती. अन्नपूर्णेने उकंडरावांना बोलावले, आणि त्यांनी येताच जे ऐकवले ते मी इथे संपूर्ण देऊ शकत नाही. देण्याजोगे एवढेच:

"अबे, पोटरी भरली म्हणून शीर भरली असं कोण सांगितलं तुले? मांस पंधरा दिवसांत तयार होते. ते जवान पोरगं हाये, हाक मारली का उठते. शीर म्हंजे म्हातारी बाई. तिले आज सांगितलेलं ते पुढच्या मयन्यात आयकते! हरण्याले मी दीड वर्ष दिलं, अन तू पाच आठवड्यात पट मारू पाहाते?"

"मंग संपलं का, दादा?" अन्नपूर्णेने विचारले. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

उकंडरावांनी पुन्हा अंगठा फिरवला. फार वेळ फिरवला.

"संपलं नाई," ते म्हणाले. "गाठ तितकीच हाये. पण आठ दिवस मांग जा. पोतं काढ. नुसत्या पायऱ्या, दोन्ही पायांवर. अन मले इचारल्याबिगर धावला, तं मी तुले वेसण घालीन."

मी त्या संध्याकाळी म्हणालो, "निदान दोन दिवस तरी झोपून..." आणि तिघांनीही माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की ते वाक्य मी आजवर पूर्ण केलेले नाही.

ते आठ दिवस मागे गेले. मग पुन्हा एक खंड, मग दोन. भाऊराव आता रोज सकाळी उठल्याबरोबर, तोंड धुण्याआधी, अंगणात दहा पावले चालत आणि आतून अन्नपूर्णा विचारी, "किती?" ते म्हणत, "कालच्याइतकंच." हे दोन शब्द त्या घरात इतक्या गंभीरपणे बोलले जात की शेजारी त्यांना काही मंत्र समजू लागले. जानेवारीच्या अखेरीस नांगरलेले वावर आले. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात नदीची वाळू आली, आणि उकंडराव काठावर बसून, जणू पटातली जोडी पाहत आहेत अशा बारकाव्याने, भाऊरावांच्या पावलांच्या उमटलेल्या खुणा पाहत. डावी आणि उजवी सारखीच खोल पडली त्या दिवशी त्यांनी फक्त "हाव", म्हणजे हो, एवढेच म्हटले. शेवटच्या आठवड्यात पोत्यात चारही ग्रंथ होते, संस्कृत टीकेसह, आणि भाऊराव सहा मैल चालले होते. सात मात्र कधीच नाही. सातवा मैल त्यांनी परीक्षेसाठी राखून ठेवला नव्हता. दिवसच पुरले नव्हते.

ओव्हरसिअर सायकलवर आले. पन्नाशीचे, सुटलेले पोट, खाकी अर्धी चड्डी, कपाळावर नियमांची एक आठी. प्रामाणिक माणूस. त्यांनी घड्याळ काढून साडेसात वाजल्याचे जाहीर केले आणि भाऊरावांसमोर थैली उघडून तपासायला घेतली.

थैली अशी कधी भरली नव्हती. आमच्या गावाहून एरवी पंधरा-वीस पत्रे जात. त्या दिवशी अकरा पार्सले होती. शेषरावांच्या घरातल्या प्रत्येकाला आदल्या दिवशी एकाएकी आपल्या नातेवाइकांची आठवण झाली होती. शेषरावांच्या आईने जळगावच्या बहिणीला तूरडाळ पाठवली होती. भाच्याने कुणाला तरी जुन्या पंचांगांचा गठ्ठा पाठवला होता. एका पार्सलात, वजनावरून पाहता, पाटावरवंटा असावा. सगळ्यांवर योग्य तेवढी तिकिटे होती. शेषराव स्वतः शाळेच्या ओट्यावर उभे होते.

"आज जरा जड दिसते, भाऊराव," ते म्हणाले. "माह्या छकड्यात ठेव पायजे तं. साहेब काई म्हणनार नाईत."

"साहेब म्हणतील," ओव्हरसिअर म्हणाले.

भाऊरावांनी थैली उचलली, खांद्यावर जोखली आणि क्षणभर थांबले. मग ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "गुरुजी, तुमच्या त्या संस्कृतवाल्याहून हलकी हाये."

मी रजा काढली होती. साक्षीदार म्हणून चालत निघालो. अन्नपूर्णा वेशीपर्यंत आली आणि तिथे उभी राहिली. भाऊरावांची पावले ती शेतातल्या सरीसारखी नजरेने मोजत होती.

पहिले दोन मैल आम्ही तिघे एकत्र होतो; ओव्हरसिअर सायकलवर, मी धापा टाकत, भाऊराव रनरच्या काठीला बांधलेले घुंगरू वाजवत पुढे. तिसऱ्या मैलावर माझ्या लक्षात आले की मी चाललेल्या सगळ्यांत लांब अंतराची नोंद आता मोडली आहे. चौथ्या मैलावर नदी आली. सायकल वाळूत चालेना. ओव्हरसिअर उतरले, सायकल ढकलू लागले, पात्राच्या मध्यावर त्यांनी "अगं आई गं!" असे म्हणून उजवी पोटरी धरली आणि वाळूतच बसले. मीही बसलो. मला निमित्त हवे होते.

पंचवीस पावलांवर भाऊराव थांबले. घड्याळात नऊला दहा मिनिटे कमी होती. अजून तीन मैल, त्यातला शेवटचा मैल त्यांच्या शिरेने अपघाताच्या दिवसानंतर पाहिला नव्हता.

"थांबू का, साहेब?"

ओव्हरसिअरांच्या चेहऱ्यावर पोटरी आणि नियम यांची झुंज झाली. तिचा निकाल माझ्या आदरास पात्र आहे.

"टपाल कुणासाठी थांबत नसतं," ते दात आवळून म्हणाले. "जा तू."

भाऊराव गेले. काठावर चढताना त्यांनी वेग कमी केला, टाच पूर्ण टेकवली, आणि दृष्टीआड झाले. मग आम्हा दोघांच्या एकदमच लक्षात आले, की परीक्षा चालू आहे आणि परीक्षक वाळूत बसला आहे.

"समक्ष म्हटलंय हुकमात," ओव्हरसिअर पुटपुटले.

"तुम्ही उठता का?"

त्यांनी उठून पाहिले आणि पुन्हा बसले. पुढचा तासभर आम्ही शिकलेल्या दोन माणसांना शोभेल अशा रीतीने घालवला: 'समक्ष' या शब्दाच्या व्याप्तीवर वाद घालत. ते प्रामाणिक होते, म्हणून मला त्यांचा राग येत होता. मनात मात्र मी एकेक फर्लांग मोजत होतो. आता ओढा. आता बाभळी. आता तो सातवा मैल. मागून कुणी दगड मारल्यासारखे त्यांना वाटले असेल का? वळून पाहावे लागले असेल का? दहा वाजले. अडीच तास पुरे झाले. त्यानंतर जवळजवळ तासभर आम्ही दोघे पलीकडच्या काठाकडे पाहत बसलो.

मग पलीकडून घुंगरू वाजले.

भाऊराव पात्रात उतरत होते. हळू, एकदम हळू, दोन्ही टाचा सारख्या. पाठीवर दुसरबीडहून आलेली थैली होती. ते परतीच्या वाटेला लागले होते, कारण टपालाला परतही यायचे असते. जवळ येऊन त्यांनी कोटाच्या खिशातून पावती काढली आणि ओव्हरसिअरांच्या हाती दिली. थैली मिळाल्याची ती पावती. त्यावर टपालघराचा शिक्का, आणि पोस्टमास्तरांच्या अक्षरात वेळ: नऊ वाजून एकावन्न मिनिटे.

ओव्हरसिअरांनी ती दोनदा वाचली. मग स्वतःच्या घड्याळाकडे पाहिले, नदीकडे पाहिले आणि शेवटी स्वतःच्या पोटरीकडे. खिशातून छापील फॉर्म काढून त्यांनी तो सायकलच्या सीटवर ठेवला.

"'समक्ष' खोडतो," ते म्हणाले, "आणि 'शिक्क्यानिशी' लिहितो. शिक्का खात्याचा आहे. तो खोटं बोलत नाही." त्यांनी लिहिले. "नाव, भाऊराव इंगळे. दुखापत, घोडशीर. सद्यःस्थिती, सक्षम." इथे मी तोंड फिरवले, वाऱ्याने वाळू उडत होती. "उपचार या रकान्यात काय लिहू?"

"चालणं लिहा," भाऊराव म्हणाले.

"चालणं हा उपचार नसतो, भाऊराव. चालणं ही तुमची नोकरी आहे."

"मंग नोकरी लिहा, साहेब."

ओव्हरसिअरांची पेन्सिल बराच वेळ हवेत राहिली. मग त्यांनी लिहिले. काय लिहिले ते मला दिसले नाही, कारण भाऊरावांनी थैलीचा पट्टा खांद्यावर सरळ केला होता आणि निघाले होते. साडेबारापर्यंत गावात टपाल पोचायचे होते, आणि हेडमास्तरसाठी ते थांबणार नव्हते.